वरचे अण्णा

करकंबात अण्णा मायंदाळ. गिरणीचे अण्णा, सोसायटीचे अण्णा, द्राक्षवाले अण्णा, शिवाय ज्यांना कुठलंच विशेषण लागत नाही ते नुसते अण्णा. पोस्टातून निवृत्त झालेले आमचे अण्णा या गर्दीत बरीच वर्षं ‘पोस्टाचे अण्णा’ होते. मग त्यांना खगोलशास्त्राचा नाद लागला आणि गावानं परस्पर त्यांची बदली केली. आता ते ‘वरचे अण्णा’. पंढरपूरहून एखादा पाहुणा येतो, स्टँडवर पत्ता विचारतो, आणि कुणीतरी सांगतं, “वरच्या अण्णांच्या शेजारचं घर.” पाहुणा आवाज खाली आणून विचारतो, “कधी गेले?”

“गेलेत कुठले? माळवदावर असतील.”

अण्णा हा एकटा माणूस नव्हे, ती एक जमात आहे. निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात दोनशे पानी वही, नवं पेन आणि एक विषय घेऊन बसणारी. कुणी होमिओपॅथी धरतं, कुणी मोडी लिपी, कुणी गांडूळखत. या जमातीची खूण एकच. ही माणसं विषय शिकून मग शिकवत नाहीत, शिकता शिकताही शिकवत नाहीत. आधी शिकवतात, आणि ऐकणाऱ्यानं अडवलं की मग शिकायला घरी जातात. तारा लुकलुकतो आणि ग्रह सहसा लुकलुकत नाही, हे अण्णांना रात्री अकरा वाजता कळलं. सकाळी सातला दूध घालायला आलेल्या पोराला त्यांनी दारात उभं केलं. तारा इतका लांब की आपल्याला तो नुसता ठिपका. हवा हलली की ठिपका थरथरतो. ग्रह जवळ, त्याची बारीकशी चकती असते. चकतीच्या सगळ्या भागांची थरथर एकमेकींत मिसळून जाते. हे सगळं सांगून झाल्यावर अण्णांनी विचारलं, “काय कळलं?”

“एक लिटर का दीड लिटर?” पोरगं म्हणालं.

अण्णांचा पहिला गुरू मात्र पक्का होता. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं जुनं पुस्तक कुणीतरी त्यांना दिलं: ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’. हे दीक्षित मूळचे कोकणातल्या मुरूडचे, पेशानं शिक्षक. याच माणसानं पुढे 1896 मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’चा इतिहास लिहून भल्याभल्यांना चकित केलं. सामान्य माणसाला मराठीतून आकाश समजावं ही त्यांची तळमळ, आणि अण्णा स्वतःला सामान्य माणसांचे प्रतिनिधी समजतात. अडचण झाली ती नावाच्या उत्तरार्धाची. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. काकूंनी पुस्तकाचं नाव वाचलं, मनात हिशेब केला, आणि तेव्हापासून रात्री साडेबाराला जिन्याखालून हाक येते, “अवं, दोन घटका म्हनला हुता त्यो. पावनेदोन तास झालं. खाली या.”

पहिलं वर्ष ध्रुवात गेलं. ध्रुव हा आकाशातला सगळ्यात ठळक तारा, असा आपल्या बहुतेकांचा समज असतो. एवढी मोठी अढळपदाची गोष्ट, तेव्हा तारा काय मिणमिणता असेल? अण्णांनी दिवाळीत उत्तरेकडे पाहिलं, ईशान्येला एक टपोरा तारा दिसला, आणि त्यांनी निम्म्या आळीला माळवदावर बोलावून ध्रुवदर्शन घडवलं. दिवाळीला नात आली होती. तिनंही रात्री दहाला दर्शन घेतलं. नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून कुडकुडत अंगणात उभी असताना ती म्हणाली, “आबा, तुमचा ध्रुव पार वर चढलाय.” अण्णा धोतर सावरत बाहेर आले. अढळपदावरचा बाळ रातोरात डोक्याच्या दिशेनं निघाला होता. तो ब्रह्महृदय होता.

अण्णा दोन दिवस बाहेर पडले नाहीत. बाहेर पडले ते हात समोर ताणून, मुठी आवळून. ही नवी विद्या होती: हात सरळ लांबवला तर मूठ आकाशातले साधारण दहा अंश झाकते, करंगळी एक अंश. ध्रुव क्षितिजापासून जेवढा वर, तेवढे आपल्या गावाचे अक्षांश. करकंब अठरा अंशांच्या जवळपास, म्हणजे ध्रुव दोन मुठींपेक्षा किंचित खाली. आणि तेजाच्या यादीत त्याचा नंबर पन्नासाच्या आसपास. सप्तर्षी वर असले तर त्यांच्या पुढच्या दोन ताऱ्यांवरून रेघ ओढायची. दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी ते क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठेवरून अंदाज घ्यायचा. अण्णांनी रीतसर मुठी मोजल्या आणि त्यांना कळलं की आपल्या माळवदावरून ध्रुव दिसत नाही. तो समोरच्यांच्या पाण्याच्या काळ्या टाकीमागे आहे. त्यांनी शेजाऱ्यांना टाकी सरकवण्याबद्दल विचारलं. शेजारी म्हणाले, “अढळ तुमचा ध्रुव हाय का आमची टाकी, ते एकदा ठरवा.”

अण्णा आता जिन्याच्या खोलीवर चढून ध्रुव पाहतात. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमाराला त्याच जागेवरून पाठ फिरवली की दक्षिणेला अगस्त्य दिसतो, आणि तोही जवळजवळ तेवढ्याच उंचीवर. उत्तरेला ध्रुव, दक्षिणेला अगस्त्य, मध्ये लेंगा वर खोचलेले अण्णा. हा योगायोग आपल्या भागातलाच. उत्तरेकडे जावं तसा अगस्त्य खाली दबत जातो आणि ध्रुव वर चढतो. अण्णांना यात करकंबचा सन्मान वाटतो.

त्यांची सर्वांत मोठी जाहीर सभा बाजारच्या दिवशी झाली. विषय: सूर्यमालेची अंतरं. पुस्तकातली चित्रं साफ खोटी असतात, हे त्यांना नुकतंच कळलं होतं. सगळे ग्रह एका पानात बसवायचे म्हणून छापणारे त्यांना एकमेकांना खेटून बसवतात. अण्णांनी किराणा दुकानाच्या कट्ट्यावर नऊ सेंटिमीटरचं एक डाळिंब ठेवलं. हा सूर्य. मग दहा पावलं मोजून जमिनीवर एक कागद अंथरला आणि त्यावर खसखशीचा एक दाणा ठेवला. ही पृथ्वी. त्या दाण्यावर करकंब, पंढरपूर, उजनी धरण, अमेरिका सगळं आलं. बाजारला आलेली माणसं वाकून बघायला लागली. एकजण म्हणाला, “दिसंना की वं.” अण्णा म्हणाले, “दिसत नाही हेच दाखवायचंय.”

गुरूसाठी हरभऱ्याचा दाणा, डाळिंबापासून पन्नास मीटरवर. तिथं एका पोराला राखणीला बसवलं. शनीला दुसरा, जरा बारका हरभरा, नव्वद मीटरवर. युरेनस आणि नेपच्यून म्हणजे ज्वारीचे दोन दाणे. त्यातला नेपच्यून जवळजवळ तीनशे मीटरवर, रस्त्याच्या वळणापलीकडे. तिथं जो पोरगा पाठवला तो ज्वारीसकट घरी निघून गेला. अण्णा परत फिरून डाळिंबापाशी येतात तोवर पन्नास मीटरवरून आरोळी आली, “अण्णा, गुरू कोंबडीनं खाल्ला!” सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह, ज्यात तेराशे पृथ्व्या मावतील, तो गेला. कोंबडीवाल्याशी बोलाचाली झाली. नवा गुरू ठेवण्यात आला.

मग डाळिंबाच्या एका बागायतदारानं नेमका प्रश्न विचारला. या माणसांचे प्रश्न नेमके असतात, कारण त्यांना विषयाची भीती नसते. “ह्ये एक डाळिंब झालं. सूर्यासारकंच दुसरं डाळिंब कुटं?” अण्णांनी हे वाचलं नव्हतं. ते घरी गेले, आणि अंधार पडायच्या आत वही घेऊन परत आले. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षं. या मापात सुमारे सव्वीसशे किलोमीटर. त्यांनी नकाशावर फूटपट्टी लावून आणली होती. “ताश्कंद,” अण्णा म्हणाले.

“शास्त्रीजी गेलं त्ये?”

“तेच. मध्ये कुठं काही नाही. थेट ताश्कंदला. आणि तेही डाळिंब नव्हे, बारकं बोर.”

बागायतदार बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “एवढं लांब बोरं काय परवडायची न्हाईत.” पण तो हादरला होता हे खरं. त्या दिवशी तो आमटी अर्धी टाकून उठला, आणि करकंबची बाजार आमटी अर्धी टाकून उठणारा माणूस गावानं सहसा पाहिलेला नाही.

अण्णांचं खरं विद्यापीठ म्हणजे ते आमटीचं दुकान. वर लाल तर्री, खाली डाळींचा दाट रस्सा, त्यात भाकरी चुरायची. दुसऱ्याच घासाला नाक वाहायला लागतं आणि माणूस वाद घालण्याच्या मनःस्थितीत राहत नाही. ऐकून घेतो. अण्णा हे हेरून असतात. पण एका जूनमध्ये डाव उलटला. मृग लागला, दुसऱ्याच दिवशी पाऊस पडला. आमटीवाले मामा पळी हातात धरून म्हणाले, “आन्ना, वर्साचं वर्स तुमी आमास्नी काय काय सांगताव. आज येकच करा. मिरग लागलाय, पाऊस बी पडलाय. त्यो मिरग दावा.”

“आज ढग आहेत.”

दुसऱ्या दिवशी ढग नव्हते. अण्णा तिन्हीसांजेपासून माळवदावर. व्याधाचा बाण लागलेलं ते हरिण, पोटातले तीन ठळक तारे, एवढी सोपी खूण. हिवाळ्यात ते त्यांनी शेंबड्या पोरांनाही दाखवलेलं. मध्यरात्र झाली तरी पत्ता नाही. मोबाईलवरचं आकाशाचं ॲप हवेत आठाचा आकडा काढून पुनःपुन्हा ताळ्यावर आणलं, तर ते फोन जमिनीकडे धरा म्हणायला लागलं. मृग पायाखाली. अण्णांनी फोन बंद केला आणि पंचांग उघडलं.

आपल्या जिल्ह्याला सोलापूरचं दाते पंचांग घरचंच. इतकी वर्षं अण्णांच्या घरी ते मुहूर्तासाठी आणि पावसाचं वाहन पाहण्यासाठी उघडलं जायचं: बेडूक, म्हैस का गाढव. त्या रात्री अण्णांनी वाहनाची ओळ सोडून तिच्या शेजारची ओळ वाचली. सूर्य मृग नक्षत्रात. मृग लागला म्हणजे सूर्य मृगात गेला. आकाशाच्या ज्या भागात सूर्य उभा, त्या भागातले तारे सूर्याबरोबर उगवणार आणि सूर्याबरोबर मावळणार. दिवसभर डोक्यावरून जाणार, पण उन्हात दिसणार कसे? सूर्याला वर्षभरात सत्तावीस नक्षत्रं फिरायची, म्हणून एकेकात तो तेरा-चौदा दिवस राहतो. म्हणून मृगही तेवढाच चालतो आणि मग आर्द्रा लागतात. शेतकऱ्याचं सगळं पावसाचं वेळापत्रक हे असं न दिसणाऱ्या ताऱ्यांवर चालतं. अण्णा पहाटेपर्यंत एकटेच फेऱ्या मारत होते. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी तीन वाट्या मांडून हे समजावलं.

मामांनी पळी खाली ठेवली. “म्हंजी मिरग आला की त्यो दिसत न्हाई. आन् दिसतो तवा त्यो आलेला नसतो.”

“अगदी बरोबर.”

“मंग अनुदानावानीच हाय की.”

मला विचाराल तर शाळेच्या पुस्तकातल्या अख्ख्या धड्यापेक्षा हे उत्तर चांगलं आहे. अण्णांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि आता ते स्वतःचं म्हणून सांगतात.

दुर्बीण उशिरा आली ते बरं झालं. नवशिक्यानं आधी नुसत्या डोळ्यांनी वर्षभर आकाश पाहावं, मग साधी द्विनेत्री घ्यावी, मग दुर्बीण, असं जाणते सांगतात. पुण्यात 1944 पासून हौशी मंडळींची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, तिथल्या लोकांचंही हेच मत पडलं. अण्णांनी मत लिहून घेतलं आणि घरी येऊन ऑनलाईन दुर्बीण मागवली. पहिल्या रात्री चंद्र पाहिला, तो उलटा. त्यांना वाटलं माल खराब आला. आरशाच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटीच दिसते आणि आकाशात वर-खाली असं काही नसल्यामुळे कुणाचं अडत नाही, हे कळेपर्यंत त्यांनी दुर्बीण परत पाठवण्यासाठी बांधूनही ठेवली होती. पोस्टातला माणूस असल्यामुळे बांधली इतकी चोख की सोडवायला काकूंना विळी आणावी लागली.

मग शनीचा कार्यक्रम ठरला. 2025 चा नोव्हेंबर, आकाश स्वच्छ, संध्याकाळी शनी छान वर. अण्णांनी आठवडाभर आधीपासून सांगून ठेवलं: शनीची कडी दाखवणार. शनी म्हटल्यावर गर्दीला तोटा नव्हता. मीन, कुंभ आणि मेष राशीची झाडून सगळी माणसं आली. त्यांची साडेसाती चालू होती. एकानं शिशीत तेल आणलं होतं. माळवदावर चपला काढून रांग लागली. एका आजीनं दुर्बिणीला डोळा लावण्याआधी हात जोडले, पाहून झाल्यावर दहाची नोट दुर्बिणीच्या नळीवर ठेवली आणि विचारलं, “कडी कुटं हाईत?”

कडी नव्हती. अण्णांनी स्वतः पाहिलं. पिवळसर गोळा, आणि त्याला आरपार एक केसासारखी बारीक रेघ, तीही असल्यासारखी. पुस्तकातल्या फोटोतला तो तोरा कुठंच नव्हता. रांगेत कुजबुज झाली. कुणी म्हणालं लेन्स पुसा. तेलवाला म्हणाला, “नाराज हाय देव.”

खरी गोष्ट अशी की शनीला सूर्याभोवती एक फेरी घालायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, आणि त्या फेरीत दोनदा त्याची कडी आपल्याला बरोबर कडेवरून दिसतात. कडी लाखो किलोमीटर रुंद पण जाडीला अगदीच किरकोळ, त्यामुळे तेव्हा ती जवळजवळ नाहीशी होतात. 2025 च्या मार्चमध्ये तो योग आला होता आणि नोव्हेंबरात ती पुन्हा खूपच चपटी झाली होती. म्हणजे दीडएक दशकात ज्या वर्षी कडी दाखवायला कुणाला बोलावू नये, नेमक्या त्या वर्षी अण्णांनी मांडव घातला होता. 1612 मध्ये गॅलिलिओचंही असंच झालं होतं. दोन वर्षांपूर्वी शनीच्या दोन्ही बाजूंना दिसलेलं काहीतरी अचानक गायब झालं. ती कडी आहेत हेच त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे तो बिचारा भलताच गोंधळला. हे अण्णांना नंतर कळलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी कळा आली ती नातीच्या बारशालाही नव्हती. आता ते कुठल्याही बैठकीत “माझं आणि गॅलिलिओचं” अशी सुरुवात करतात.

त्या रात्री मात्र त्यांनी सूत्र हातचं जाऊ दिलं नाही. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं का असतो आणि तीन राशींची साडेसात कशी होतात, हे त्यांनी सांगितलं. हा नुसता फेरीचा हिशेब आहे, यात रागलोभ काही नाही. तेलवाल्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि जाताना तेल दुर्बिणीच्या पायाशी ओतून गेला. काकूंनी माळवद सोड्यानं धुतलं.

गावानं फारच दुर्लक्ष केलं की अण्णा जेऊर काढतात. जेऊर आपल्याच जिल्ह्यातलं, करमाळा तालुक्यातलं, रेल्वेनं पुण्याला जाताना लागणारं. 22 जानेवारी 1898 ला तिथं खग्रास सूर्यग्रहण दिसलं. ते पाहायला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल कॅलिफोर्नियाहून मोठमोठे कॅमेरे बोटीनं घेऊन आले. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे नायगमवाला सरंजामानिशी आले. सगळ्यांनी जेऊरच्या माळावर तंबू ठोकले, कशासाठी, तर जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी. “साता समुद्रापलीकडचा माणूस जेऊरला आला,” अण्णा म्हणतात, “आणि तुम्हाला माझा जिना चढवत नाही.” जिन्याला कठडा नाही, हे ते सांगत नाहीत.

या सगळ्यात अण्णांना खरं हरवलं ते उसाला पाणी देणाऱ्या एका गड्यानं. शेतीची वीज रात्रीची असली की ही माणसं टॉर्च घेऊन रात्रभर बांधावर असतात. एप्रिलमधली गोष्ट. अण्णा अंधार शोधत शिवारात गेले होते, सप्तर्षींची नावं पाठ करत: क्रतू, पुलह, पुलस्त्य. गडी दारं धरत होता. म्हणाला, “ती व्हय? ती म्हातारीची बाज. चार खुर, आन् मागनं तीन चोर. बाज अशी खाली कलली की दोन वाजलं, मी मोटार बंद करतो.” अण्णा म्हणाले, असं कसं, ती रोज एकाच वेळी तिथं नसते. “न्हाईच की,” गडी म्हणाला, “म्हैन्यानं दोन तास आदीच कलती. त्ये धरूनच बोलतोय.” तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, महिन्याला दोन तास, हे अण्णांना वाचून समजायला आठवडा लागला होता, आणि तो माणूस ते गुडघाभर चिखलात उभा राहून सांगत होता. अण्णा काही बोलले नाहीत. सकाळी दूधवाल्या पोराला दारात उभं केलं आणि रोजची चार मिनिटं समजावली. पोरगं आता मोठं झालंय. ते म्हणालं, “आमचा आज्जा पन हेच म्हनतो.”

सध्या अण्णा 2 ऑगस्ट 2027 च्या मागे आहेत. त्या दिवशीचं खग्रास सूर्यग्रहण इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त टिकणार आहे. आपल्याकडे दुपार कलल्यावर थोडासाच चावा दिसेल. ग्रहणाच्या खास चष्म्याशिवाय वर बघायचं नाही, काळ्या काचा आणि एक्स-रेच्या फिल्म चालणार नाहीत, अशी तंबी त्यांनी आतापासून द्यायला सुरुवात केली आहे. पण तारखेचा नीट विचार केल्यावर त्यांना घाम फुटला. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं, आणि ही अमावास्या आषाढी. म्हणजे गटारी. गावातला एकही पुरुष त्या दुपारी आकाशाकडे डोळे लावण्याच्या अवस्थेत नसणार. अण्णा चार दिवस खचले होते. मग त्यांनी वार काढला. सोमवार! आणि लगेच मंगळवारपासून श्रावण. ते धावत आमटीच्या दुकानात गेले.

“सोमवारी कोण मटण खातंय? गटारी तुम्ही रविवारी उरकणार. म्हणजे सोमवारी सगळे मोकळे.”

मामांनी दुकानात बसलेल्या मंडळींकडे पाहिलं. मंडळींनी ताटाकडे पाहिलं.

“आन्ना,” मामा म्हणाले, “रयवारी एवढी उरकत आस्ती व्हय?”